पहिली खेळी कोणाची?

नाशिक रोडच्या जेल रोड भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात. घरात नवरा, सातवीतली मुलगी आणि प्रेसमधून निवृत्त झालेले सासरे. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाइट गेलेले असताना अण्णांनी नातीला काड्यांचा एक डाव शिकवला. काडेपेटीतल्या २१ काड्या मांडायच्या, आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायच्या, आणि शेवटची काडी ज्याला उचलावी लागेल तो हरला. ‘लहान आहेस, तू आधी’ असं म्हणत अण्णा दर वेळी पहिली खेळी नातीला देतात, तरीही ती आजवर एकदासुद्धा जिंकलेली नाही. परवा आत्याची मुलं आली होती. त्यांच्यासमोर ती लागोपाठ सहा डाव हरली. अण्णा म्हणाले, ‘डोकं लाव जरा, डोकं.’ तिने काड्या भिरकावून दिल्या आणि आतल्या खोलीत जाऊन रडत बसली.

ताईंनी रात्री मोबाइलवर या डावाची युक्ती शोधली. ‘दर वेळी चार पूर्ण करा’ असं त्या व्हिडिओत होतं, पण चारच का, ते त्यांना समजलं नाही. आता मुलीला युक्ती सांगावी की नाही, हा त्यांचा प्रश्न. सांगितली तर अण्णा दुखावतील. ‘मला माझ्या काकांनी सांगितली नव्हती, तीही शोधेल,’ असं ते म्हणतात. नाही सांगितली तर मुलीला वाटतंय की आपल्याला डोकंच नाही. नवऱ्याचं म्हणणं, ‘या भानगडीपेक्षा तिला गणिताच्या ऑलिंपियाड परीक्षेच्या क्लासला घालू.’ ताईंनी शेवटी लिहिलं आहे, ‘मी स्वतः गणितात कायम काठावर पास. मी तिला काय शिकवणार?’

ताई,

पत्र वाचता वाचताच मी ओट्यावरची काडेपेटी आणली आणि २१ काड्या टेबलावर मांडल्या. माझ्या उत्तरातलं निम्मं त्या काड्यांमध्येच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तूर्त हा मजकूर लेकीच्या हाती लागू देऊ नका.

अण्णा नातीला पहिली खेळी देतात, हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांचा मोठेपणा म्हणून. आता डाव नीट पाहा. तिने एक काडी उचलली की अण्णा तीन उचलतात. तिने दोन उचलल्या तर तेही दोन. तिने तीन घेतल्या तर ते एक. प्रत्येक फेरीत दोघांच्या मिळून चार काड्या जातात. २१ च्या १७ होतात, मग १३, मग ९, मग ५, आणि शेवटी तिच्यापुढे एकच काडी उरते. २१ काड्यांच्या या डावात पहिली खेळी करणारा हरतोच, समोरचा चुकला नाही तर. म्हणजे तुमच्या मुलीला उन्हाळ्यापासून एकदाही जिंकायची संधी मिळालेली नाही. तिने डोकं लावलं नाही, हे खरं नाही. तिच्या जागी कुणी मोठा गणितज्ञ बसला असता तरी हरला असता.

आता तुमचा प्रश्न. व्हिडिओतली युक्ती तुम्ही त्याच रात्री तिला सांगितली असतीत तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी ती मोठ्या हौसेने बसली असती, अण्णांनी ‘तू आधी’ म्हटलं असतं, आणि ती पुन्हा हरली असती. चार पूर्ण करायची संधी दुसऱ्याला मिळते, पहिल्याला नाही. मग तिला वाटलं असतं, युक्ती माहीत असूनही मला जमत नाही. त्या रात्री तुम्ही थांबलात, ते बरं झालं.

युक्ती आधीच सांगून टाकायची चूक मी एकदा केली आहे, म्हणून खात्रीने सांगते. शाळेत गणित शिकवायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत मी आठवीच्या वर्गात हाच डाव नेला होता. दोन-तीन डाव झाले, मुलं ‘बाई, कसं काय?’ म्हणू लागली, आणि मला राहवलं नाही. मी फळ्यावर नियम लिहून टाकला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला. पुढच्या आठवड्यात मी एवढाच बदल केला की आता एकावेळी चारपर्यंत काड्या उचलता येतील. अख्खा वर्ग तरीही चारच पूर्ण करत बसला. आता पाच पूर्ण करायला हवेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चार कुठून आले हेच कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पहिल्या तासाला काड्यांच्या चित्रांनी पान भरत होता. मी नियम लिहिला तेव्हा त्याने ते पान मिटलं. ते पान मी त्याच्यापासून हिरावून घेतलं, असं मला आजही वाटतं.

तेव्हा उत्तर सांगू नये, इथवर मी अण्णांच्या बाजूची आहे. पण ‘शोधेल ती’ असं म्हणून कायम २१ काड्याच मांडायच्या, याच्याशी मी सहमत नाही. २१ काड्यांकडे बघून कुणालाच काही दिसत नाही. मोठ्या माणसालाही नाही. शोधायचं असेल तर कुठून सुरुवात करायची हे कुणीतरी दाखवावं लागतं. अशा डावांत ती जागा जवळजवळ नेहमी एकच असते, आणि ती म्हणजे शेवट.

एखाद्या रात्री जेवणं आटोपल्यावर तिच्याजवळ बसा. अण्णा नकोत, बाबा नकोत, मोबाइल नको. काडेपेटी घ्या आणि एकच काडी ठेवा. विचारा, ‘आता तुझी पाळी असेल तर?’ ती म्हणेल, ‘हरले.’ दोन ठेवा. ती म्हणेल, ‘मी एक उचलते, तुला एक उरते, तू हरलीस.’ तीन ठेवा, चार ठेवा. चार असतील तर तीन उचलायच्या, हे तिला सेकंदभरात दिसेल. मग पाच ठेवा आणि गप्प बसा. ती एक उचलून बघेल, मागे चार उरतात. म्हणजे तुम्ही जिंकलात. दोन उचलल्या तर तीन उरतात. तीन उचलल्या तर दोन. तिन्ही वाटा तुमच्याकडेच जातात. इथे ती काही वेळ काड्यांकडे बघत राहील. बघू द्या. पाच काड्या समोर आल्या की आपण अडकलो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं.

मग वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने एक ते दहा आकडे लिहायला सांगा. ज्या आकड्यावर आपली पाळी आली तर हरतो, त्यापुढे ‘ह’. ज्यावरून जिंकता येतं, त्यापुढे ‘जि’. एकपुढे ह, दोन-तीन-चारपुढे जि, पाचपुढे ह. सहा, सात, आठ यांचं काय? तिथून समोरच्याला बरोबर पाच काड्यांवर आणून सोडता येतं, म्हणून जि. नऊवरून कुठेही गेलं तरी समोरच्याला जि मिळतो, म्हणून ह. या डावाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. एक जरी खेळी समोरच्याला ‘ह’वर नेणारी असेल तर आपली जागा जिंकायची, आणि प्रत्येक खेळी त्याला ‘जि’वरच नेत असेल तर आपली जागा हरायची. हे वाक्यही तिला तयार देऊ नका. पान भरता भरता ते तिच्या तोंडून येईल, कदाचित तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. ‘काही दिसतंय का?’ असं विचारायचा मोह तुम्हाला होईल, तेवढा आवरा. आणि पान एका बैठकीत पुरं व्हायलाच हवं असं नाही. चार दिवस तसंच पडून राहिलं तरी हरकत नाही.

आत्याच्या मुलांसमोर हरलेले ते सहा डावही इथे कामाचे आहेत. तिला आठवत असेल तर विचारा, शेवटी शेवटी किती काड्या उरल्या होत्या? पाच उरल्या होत्या आणि पाळी तुझी होती, असंच निघेल, सहाही वेळा. बुद्धिबळातले खेळाडू डाव संपल्यावर समोरासमोर बसून तो मागे नेत तपासतात, कुठे फिरला ते बघतात. हरलेला डाव त्यांच्यासाठी टाकाऊ नसतो, आणि तुमच्या लेकीकडे तर असे कितीतरी डाव जमले आहेत.

तिच्या रडण्याबद्दल एक विचारते. ती हरली म्हणून रडली, की सगळ्यांसमोर ‘डोकं लाव’ ऐकावं लागलं म्हणून? उन्हाळ्यापासून ती हरतेच आहे आणि तरी रोज खेळायला बसते, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे हरणं तिला सोसतं. भावंडांसमोर झालेली शोभा तिला सोसली नसावी. तसं असेल तर त्यावर युक्ती हा उपाय नाही. अण्णांशी शांतपणे दोन शब्द बोलावे लागतील. ‘अण्णा, डाव तुम्ही शिकवलात, तिला तो आवडलाय, फक्त चारचौघांत ते वाक्य नको,’ एवढं पुरे. नातीवर माया आहे म्हणूनच ते रोज तिच्यासोबत बसतात. त्यांना हे कळेल.

आता ‘मी काय शिकवणार’ याबद्दल. चारच का, हे तुम्हाला समजलं नाही, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलं आहे. मग लेकीपासून लपवण्यासारखं तुमच्याकडे आहेच काय? तुम्हाला फक्त एक आकडा माहीत आहे. त्यामागचं कारण तुम्हालाही शोधायचं आहे, तिलाही. दोघी मिळून शोधा. ज्याला उत्तर पाठ आहे त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं, आणि मूल वहीऐवजी त्या चेहऱ्याकडे बघत अंदाज बांधायला लागतं. तुमच्या चेहऱ्यावर ते नसेल. पतसंस्थेत दिवसअखेर रोकड जुळत नाही तेव्हा तुम्ही शेवटच्या शिलकेपासून एकेक पावती मागे तपासत जाता ना? या डावातही तेच करायचं आहे.

आणि उत्तर माहीत नसणं ही लाजेची गोष्ट नाही, याला पुरावा देते. वड्यांचं एक ताट समजा, चौकोनी वड्या ओळीत पाडलेल्या, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातली वडी कडू. आपल्या पाळीला कुठलीही एक वडी निवडायची, आणि कडू कोपऱ्यापासून जी बाजू लांब आहे त्या बाजूच्या, म्हणजे निवडलेल्या वडीच्या सरळ वरच्या, सरळ उजवीकडच्या आणि त्या दोहोंमधल्या कोपऱ्यातल्या सगळ्या वड्या तिच्यासकट उचलायच्या. कडू वडी ज्याच्या वाट्याला येईल तो हरला. डेव्हिड गेल या गणितज्ञाने १९७४ साली हा खेळ चॉकलेटच्या वडीवर मांडला. ताटात एकाहून जास्त वड्या असतील तर पहिला खेळाडू नक्की जिंकू शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. सिद्धता चार ओळींची आहे. समजा दुसऱ्याकडे हमखास जिंकायची रीत आहे. मग पहिल्याने कडू वडीच्या तिरकस समोरच्या, म्हणजे वरच्या उजव्या टोकाची एकच वडी उचलावी. त्यावर दुसरा जी जिंकणारी खेळी करील, तीच खेळी पहिल्याला सुरुवातीलाच करता आली असती, कारण टोकाची ती वडी तिच्यात येतेच. म्हणजे दुसऱ्याकडे तशी रीत असूच शकत नाही. पण पहिल्याने नेमकी कुठली वडी उचलायची, याचा कुठल्याही आकाराच्या ताटाला लागू पडणारा नियम आजही कुणाला सापडलेला नाही. जिंकता येतं हे ठाऊक आहे, कसं ते ठाऊक नाही. हे वडीचं ताट लेकीला जरूर दाखवा. ‘मला येत नाही’ आणि ‘अजून कुणालाच येत नाही’ यांतलं अंतर तिला या वयात कळलं तर फार चांगलं.

क्लासबद्दल तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण कशासाठी घालायचं ते आधी ठरवा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी घड्याळ लावून सोडवायची असते. तिथे वेग लागतो आणि वेग सरावाने येतो. त्यासाठी क्लास उपयोगी पडतो. ऑलिंपियाडचे प्रश्न वेगळे, तिथे एकेका प्रश्नापाशी बराच वेळ बसावं लागतं. तुमची मुलगी आज ज्यात अडकली आहे ते याच्या जवळचं आहे. क्लास पाहायला गेलात तर एका तासाला मागे बसू द्याल का, असं विचारा. प्रश्न फळ्यावर आल्यावर मुलांना किती वेळ एकटं सोडतात ते पाहा. दोन मिनिटांत रीत सांगून पुढे जात असतील तर तुमच्या लेकीला तिथे सध्या पाठवू नका, माझं स्पष्ट मत आहे. देशातला गणित ऑलिंपियाडचा कार्यक्रम मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर फुकट मिळतात. आठवी-नववीत तिला स्वतःला ओढ वाटली तर त्यातला एक प्रश्न आठवड्याला पुरतो.

दरम्यान तिला असा एक खेळ द्या ज्यात हरवणारं समोर कुणी नाही. यासाठी तुम्हाला फार लांब जायला नको. तुमच्या शेजारच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर राहत होते. १९०५ साली जन्मलेले, १९८६ साली गेले. सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळण्यात. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी देवळालीचंच नाव दिलं होतं. १९७५ साली गणिती कोड्यांवर लिहिणारे लेखक मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगभर त्यांचं नाव झालं. त्यांचा सर्वांत गाजलेला शोध करायला कागद-पेन्सिल पुरते. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ केलं की ६१७४. आता ६१७४ वर हेच करून पाहा, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता. १९०५ ला पुरत्या सात लागल्या. लेकीला तिचं स्वतःचं जन्मवर्ष घेऊ द्या, अण्णांचं घेऊ द्या, आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या लागणारी संख्या सापडते का शोधू द्या. सापडणार नाही, पण शोधताना तिची वही भरेल.

ज्यांना स्वतःलाच कोडी सोडवायचा नाद आहे आणि दोन मिनिटांत उत्तर बघितलं जातं म्हणून वाईट वाटतं, अशाही वाचकांची पत्रं येतात. त्यांनाही हीच वाट उपयोगी पडेल. आकडा लहान करा, शेवटाकडून या, आणि तरीही अडलात तर आपण न सांगता काय गृहीत धरलं आहे ते कागदावर लिहा. वाघ, शेळी आणि गवताची पेंढी होडीतून एकेक करून पलीकडे न्यायचं कोडं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेळीला वाघासोबत सोडायचं नाही, गवतासोबतही नाही. मुलं तिथे हमखास अडतात, कारण एकदा पलीकडे नेलेलं परत आणायचं नसतं असं त्यांनी मनात धरलेलं असतं. तसं कुणी म्हटलेलं नसतं. शेळी परत आणली की सात फेऱ्यांत सगळे पार. तुमच्या पत्रात ‘पहिली खेळी म्हणजे फायदा’ हे तसंच होतं, ताई. आणि उत्तर बघितलंच, तरी ते मिटून दुसऱ्या दिवशी आकडे बदलून करून बघा. जमलं नाही तर उत्तर वाचलं होतं, समजलं नव्हतं.

लेकीचं मागचं पान भरत जाईल. नऊच्या पुढे ती एकेक आकडा तपासणं सोडून देईल, पेन्सिल १३ वर, १७ वर उड्या मारेल, आणि २१ पाशी येऊन थबकेल. तिथे ह लिहिताना तिला ‘तू आधी’चा अर्थ लागेल. तेव्हा ती थोडी रागावेल, कदाचित हसेल. दुसऱ्या दिवशी ती अण्णांसमोर बसून म्हणेल, ‘आज तुम्ही आधी.’

अण्णांना मात्र हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचं ते वाक्य ऐकून ते टाळाटाळ करणार नाहीत. त्यांनी काड्या मोजाव्यात, पहिली उचलावी आणि हरावं. मग दुसऱ्या डावाला पेटीतून आणखी एक काडी काढावी, २२ काड्या मांडाव्यात, आणि रोजच्याच आवाजात म्हणावं, ‘लहान आहेस, तू आधी.’